किलोचा क

अकरावीला फिजिक्सच्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी आम्हाला एककांचे उपसर्ग पाठ करून यायला सांगितले. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, पुढे गिगा आणि टेरा. उलट्या बाजूला मिली, मायक्रो, नॅनो, पिको. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलामुलींना इंग्रजीतल्या शास्त्राची भीती वाटू नये म्हणून त्यांनी सोप्यापासून सुरुवात केली होती. मला तर ते सगळं आधीपासूनच येत होतं. माझे पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. ड्युटीवरून आले की चप्पल काढता काढता आज कुठल्या युनिटवर किती मेगावॉट निघाले ते सांगायचे. आमच्या घरात तो शब्द मीठ-साखरेसारखा वापरात होता.

अडचण दुसरीच होती. मी तोतरी आहे.

तोतरं बोलणं म्हणजे काय, हे तसं न बोलणाऱ्याला समजावणं कठीण आहे. शब्द माहीत असतो. तोंडाशी आलेला असतो. फक्त जीभ किंवा ओठ जिथे टेकतात तिथेच चिकटून बसतात आणि सुटत नाहीत. समोरचा माणूस आधी तोंडाकडे बघतो, मग नजर खाली करतो, मग स्वतःच शब्द पुरवतो. सगळ्याच अक्षरांना असं होत नाही. म, न, स, ल मला कधी त्रास देत नाहीत. क, ग, ट, ड, प ही माझी अडायची अक्षरं. लहानपणापासून मी त्यांना चुकवून बोलायला शिकले होते. ‘परवा’ म्हणता येत नसे, तर ‘उद्या नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणायचे. ‘कॉलेजला जाते’ ऐवजी ‘शिकायला जाते’. लोकांना वाटायचं, ही मुलगी जरा लांबण लावते.

पण उपसर्गांना दुसरा शब्द नसतो. किलो, गिगा, टेरा, पिको, डेका. कोणीतरी मुद्दाम माझी अक्षरं शोधून शोधून नावं ठेवल्यासारखी ती यादी होती.

माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि नावांच्या जागी आकडे सांगायला लागले. हजार, मग दहा लाख, मग अब्ज. मॅडम म्हणाल्या, “आकडे बरोबर आहेत. नावं सांग.” मी तोंड उघडलं. क आला नाही. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं, कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मॅडमनी थोडं थांबून मला बसायला सांगितलं आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

तास संपल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. त्या तेव्हा चाळिशीच्या असतील. उंच, चष्म्याच्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेल्या. त्यांना मुलं घाबरत असत, कारण त्या कधी आवाज चढवत नसत.

“तुला सगळं येतंय ना?”

मी मान हलवली.

“मग अडतं कुठे?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. का अडतं, हे सगळे विचारायचे. नवस झाले होते, जिभेखाली वेखंड ठेवून झालं होतं. कुठे अडतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी फळ्यावर खडूने पाच अक्षरं लिहिली. मॅडमनी ती वाचली आणि एखाद्या प्रयोगात अनपेक्षित आकडा यावा तसा त्यांचा चेहरा झाला.

“सगळी स्पर्श व्यंजनं आहेत,” त्या म्हणाल्या. “हवा आधी पूर्ण अडते आणि मग सुटते. तुझी सुटत नाही.” मग त्यांनी विचारलं, “ख म्हणता येतो?”

मी म्हटला. आला. जरा घासत, पण आला.

त्या दिवशी त्या एवढ्यावरच थांबल्या. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी मला पुन्हा बोलावलं, आणि त्या चक्क खूश होत्या. कॉलेजच्या लायब्ररीत तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, ज्याची पानं कोणी उघडत नसे, त्यात त्यांनी एकेका उपसर्गाचं मूळ शोधलं होतं. किलो हा शब्द ग्रीक ‘खिलिओइ’वरून आला. खिलिओइ म्हणजे हजार. त्याचा पहिला उच्चार आपल्या क-सारखा नव्हताच, ख-सारखा होता, हवा सोडत म्हणायचा. पुढे फ्रेंच लोकांनी मापं ठरवताना त्याला किलो केलं.

“म्हणजे खिलो म्हणालीस तर तू चुकत नाहीस,” मॅडम म्हणाल्या. “जुना उच्चार तुझा आहे. बाकीचे सगळे चुकताहेत.”

असं एकेक करत त्यांनी माझ्यासाठी सगळी यादी नव्याने केली. डेका मूळचा ‘देका’, आपल्या दशकाच्या नात्यातला. द मला ड-पेक्षा सोपा जायचा. टेरा मूळचा ‘तेरास’, म्हणजे राक्षस. तेरा म्हटलं तर मराठी माणसाला बारानंतरचा आकडा वाटेल, याच्यावर आम्ही दोघी खूप हसलो. तेरा वॉटचा दिवा म्हणजे नक्की किती उजेड? गिगाचा अर्थही राक्षसच, तो ‘गिगास’वरून. तिथे ग काही टळत नव्हता. पण काही इंग्रजी बोलणारे त्याला जिगा म्हणतात आणि शब्दकोशात दोन्ही उच्चार दिले आहेत, हे मॅडमनी शोधून काढलं. ज मला येत होता. राहिला पिको. तो ग्रीक नव्हताच.

“पिकोला माझ्याकडे औषध नाही,” त्या म्हणाल्या. “तो तू साड्यांच्या दुकानातच ठेव.”

नाशिक रोडला आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर ‘फॉल-पिको करून मिळेल’ अशा पाट्यांची रांगच होती. त्यानंतर ती पाटी दिसली की मला हसू यायचं.

प्रॅक्टिकल संपल्यावर बाकीची मुलं निघून जात. मी एकलहऱ्याच्या बसपर्यंतचा वेळ प्रयोगशाळेत थांबे. मॅडम उपकरणं कपाटात ठेवत आणि मी म्हणत असे, खिलोमीटर, खिलोग्रॅम, खिलोओहम, जिगाहर्ट्झ. मध्येच त्या म्हणत, “हवा आधी सोड. अक्षर मागून येऊ दे.” तसं केलं की यायचं. कधी कधी तर इतकं सहज यायचं की ते आपणच बोललो यावर माझा विश्वास बसत नसे. मॅडमनी मला एकदा वर्गात उभं करून विजेच्या एककांवर बोलायला लावलं. मी बोलले. मुलांना माझे उच्चार विचित्र वाटले, पण मॅडमनी ग्रीक मूळ सांगून टाकलं, त्यामुळे कोणाची हसायची सोयच राहिली नाही. त्या दिवशी बसमध्ये मी मनाशी ठरवलं, एम.एस्सी. करायचं, फिजिक्सच करायचं आणि शिकवायचं.

घरी पप्पांना ते फारसं रुचलं नाही. फिजिक्स करायला त्यांची ना नव्हती. शिकवायला होती. “अगं, तिथे दिवसभर बोलावं लागतं,” ते म्हणाले. ते फार मायाळू होते. दुकानात, दवाखान्यात, बसच्या कंडक्टरशी माझं बोलणं त्यांनीच बोलून टाकलेलं असायचं. माझं वाक्य अडलं की ते पुढे होऊन पूर्ण करत, आणि बहुतेक वेळा ते अगदी बरोबर पूर्ण करत. एकदा किराणा दुकानात मी “एक खिलो साखर” म्हणाले. दुकानदाराने वर पाहिलं. पप्पा लगेच म्हणाले, “एक किलो हो, एक किलो,” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते मला सावरत होते. मला मात्र तो हात नको होता.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते. पांढरा शर्ट, जोराचा आवाज, स्वभावाने वाईट नव्हते. आमच्या मॅडम आतल्या परीक्षक म्हणून शेजारच्या टेबलाशी बसल्या होत्या. माझा प्रयोग नीट झाला होता. सरांनी माझ्या जोडणीकडे बघितलं, एक रोधक बोटाने दाखवला आणि विचारलं, “याची व्हॅल्यू?”

“वन खिलोओहम.”

“काय?”

“वन खिलोओहम, सर.”

ते हसले. मोठ्याने, सहज, जसं कोणी काही गमतीचं बोललं की माणूस हसतो तसं. “खिलो? खिलो काय? अगं, किलो. म्हण बघू, किलो.”

आता ख पण येईना. हवा सोडायची विसरले. ओठ उघडे, घसा बंद, आणि आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं आपापली वायर हातात धरून माझ्याकडे बघत होती. सरांनी आपल्या परीने मला मदत केली. “कि... लो...” असं लहान मुलाला शिकवावं तसं त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. मग म्हणाले, “बरं, राहू दे. हे खिलो कोणी शिकवलं तुला?”

मी मॅडमकडे बघितलं. त्या समोरच्या कागदाकडे बघत होत्या. पेन हातात होतं पण चालत नव्हतं.

“मीच,” मी म्हणाले.

“उच्चार सुधार, बेटा. पुढे सायन्स घ्यायचं तर हे चालायचं नाही.” आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. मार्क त्यांनी भरपूर दिले, तेही सांगायला हवं.

मॅडम नंतर बाहेर व्हरांड्यात भेटल्या. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. पण तेवढ्यात पप्पा मला न्यायला आले, स्कूटर फाटकाशी उभी होती. मी “येते, मॅडम” म्हणून निघाले. त्यानंतर मी कॉलेजात फक्त निकालाला गेले, आणि तेव्हा त्या रजेवर होत्या.

मी फिजिक्स घेतलं नाही. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, कारण तिथे मन लावून काम केलं की तोंडाने फारसं काही सांगावं लागत नाही. शिकवायचं तर मी नावच काढलं नाही. पप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला असावा, बोलून दाखवलं नाही. त्यांच्या एका मित्राच्या ओळखीने मला औद्योगिक वसाहतीतल्या एका पाणी तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. बाटल्या येतात. शेतकऱ्यांच्या विहिरींच्या, सोसायट्यांच्या बोअरच्या, कारखान्यांच्या. मी त्या तपासते आणि अहवाल लिहिते. तिथली भाषा मिलिग्रॅमची आणि मायक्रोग्रॅमची. म-ला मला कधीच काही होत नाही. मी त्या नोकरीत टिकले ते हुशारीने की केवळ त्या म-मुळे, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

लग्न झालं. मुलगी झाली. पप्पा गेले. मॅडमना मी कधी फोन केला नाही, भेटायला गेले नाही. राग नव्हता. त्यांच्यासमोर गेलं की पुन्हा ती बारावीतली मुलगी व्हावं लागेल, जिच्याबद्दल त्यांना काहीतरी वाटत होतं, एवढंच.

मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की प्रत्येकाने आवाजातला एक छोटा निरोप पाठवायचा, ते सगळे जोडून त्यांना ऐकवायचे. कोणी कॅनडातून पाठवला, कोणी पेठ तालुक्यातल्या शाळेतून, पोरांच्या गलक्यासकट. मी मोबाइल तोंडाशी धरून बसले आणि मग चार ओळी टाइप करून पाठवल्या.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“सगळ्यांचे आवाज आले,” पलीकडून मॅडम म्हणाल्या. “तुझा नाही आला.”

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. त्या जेल रोडला, मुलाच्या फ्लॅटच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. केस पूर्ण पांढरे झालेले, चष्मा तसाच. त्यांनी पोहे केले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी नेहमीसारखी शब्द चुकवत, वळसे घेत बोलत होते, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी बशी खाली ठेवली.

“अजून तसंच करतेस?”

“म्हणजे?”

“आत्ता ‘नवरा’ म्हणून तू ओठ मिटलेस, पुण्याला गेलाय म्हणणार होतीस ना. बाहेरगावी म्हणालीस.”

मला हसायला आलं. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण त्या हसल्या नाहीत.

“तू गेल्यावर काही वर्षांनी एक मुलगा आला वर्गात,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासारखाच अडायचा. मला वाटलं, मला याच्यातलं कळतं. मी त्यालाही खिलो शिकवायला लागले. त्याची आई मला भेटायला आली. म्हणाली, मॅडम, याला दुसरा शब्द देऊ नका, दुसरा उच्चार देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलंय, याला अडू दे. तुम्ही फक्त थांबा. वर्गाला थांबायला सांगा.” त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. “एवढंच करायचं होतं गं. तुला क म्हणायला वेळ लागला असता तर लागला असता. वर्ग काय, थांबला असता. मी तुला पळवाट शोधून दिली आणि वर तिला ग्रीक म्हटलं.”

“तुम्ही नसता तर मी वर्गात तोंडही उघडलं नसतं.”

“आणि त्या परीक्षेत मी गप्प बसले.”

“तुम्ही बोलला असता तर त्यांनी माझे मार्क...”

“मार्कांचं नाही म्हणत मी,” त्या म्हणाल्या. आवाज तसाच, न चढवलेला.

खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा राग आला. प्रयोगशाळेतल्या त्या संध्याकाळी मी आयुष्यभर जपून ठेवल्या होत्या. तांब्याच्या तारांचा वास, कपाटाच्या काचेतली आमची दोघींची प्रतिबिंबं, राक्षसाच्या नावावर हसणं. माझ्याजवळ तसं फार काही नाही. आणि ज्यांनी त्या दिल्या त्याच आता सांगत होत्या की ती चूक होती. कदाचित होतीही. पण माझ्याकडून ती परत घेऊ नये, असं वाटत राहिलं.

निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. “आता एक कर,” म्हणाल्या. “अड. जिथे अडायचं तिथे अड.”

सोमवारी मी लॅबमध्ये आमच्या साहेबांना भेटले. गावोगावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांना तपासणी शिकवायचं काम आमच्याकडे नव्याने आलं होतं. त्याची माहिती सर्वांत जास्त मला होती, सगळे नमुने माझ्याच हाताखालून गेले होते. मी साहेबांना म्हणाले की हे मला करायचंय. ‘करायचंय’ला अडले. वळसा घेतला नाही. क पुन्हा पुन्हा येत राहिला आणि बराच वेळ लागला. साहेब भले माणूस आहेत. त्यांनी टेबलावरचं काहीतरी उचलून ठेवलं, माझं बोलणं पुरं होऊ दिलं आणि मग म्हणाले, “मॅडम, तुम्हाला कशाला तो त्रास? आजवर आपण कधी तुम्हाला त्यात घातलं नाही ना? मी दुसऱ्याला सांगून टाकलंय.” यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. इतकी वर्षं मीच तर त्यांना ही सवय लावली होती.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मॅडम, ग्रीक उच्चार, परीक्षा, साहेब. आमच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली आहेत आणि मी थोडी अडखळते एवढंच त्यांना ठाऊक होतं. रोजच्या बोलण्यातला किती भाग मी टाळते, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. कळणार तरी कसं, मी तो दिसूच दिला नव्हता. भाजीवाल्याकडे मी कारली का मागत नाही, फोन आला की त्यांच्याच हातात का देते, हे ते ऐकत होते आणि एकेक जुनी गोष्ट त्यांना आठवत होती.

मग त्यांनी विचारलं, “आणि माझं नाव?”

त्यांचं नाव प-ने सुरू होतं. लग्नानंतर ते मला कितीदा म्हणाले होते, हे ‘अहो’ काय लावलंयस, आपल्या पिढीत कोण म्हणतं, नावाने हाक मार. त्यांच्या मित्रांच्या बायका सगळ्या नावाने हाक मारतात. मी दर वेळी हसून विषय बदलायचे.

“पण उखाण्यात तर घेतलं होतंस,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर. एकदाही न अडता.”

“चालीत म्हटलं की अडत नाही.”

शेजारच्या खोलीत मुलगी मोठ्याने धडा वाचत होती.

“मला वाटायचं, तुला मी तेवढा जवळचा वाटत नाही,” ते शेवटी म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. एखादी जुनी चुकीची समजूत माणूस खाली ठेवतो तसं ते म्हणाले. आणि उठून मुलीचा अभ्यास बघायला गेले.

त्याला आता काही महिने झाले. मॅडमचा अधूनमधून फोन येतो आणि त्यांच्याशी मी जसं येतं तसं बोलते. त्या थांबतात. नवऱ्याला मी अजून ‘अहो’च म्हणते. एक-दोनदा ओठ मिटून तयारी केली होती. ते समोर होते, वाट बघत होते, आणि मला मदत करायची नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं दिसत होतं. तेच मला बघवलं नाही. मी दुसरंच काहीतरी विचारलं.